वाढत्या अंगाचा

दरबाराच्या वहीत बाबांचं नाव
आचारी आणि घोड्यांचा वैद्य यांच्या मधे होतं.
अंब्रोस झाइलर, चित्रकार.
सालाचे साठ टालर, मिळाले तर.
बीचच्या लाकडाच्या बारा गाड्या.
नाताळला डुक्कर, अर्धं.

त्यात काय काय यायचं:
ड्यूकच्या गालांवरचे देवीचे व्रण बुजवणं,
बर्फावरच्या गाडीला सोन्याचा वर्ख,
नाटकासाठी समुद्र
(समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नाही),
शवपेट्यांवर गरुड.
गरुड नेहमी घाईत रंगवलेले,
माणसं सांगून मरत नाहीत.

एगोन अकरा दिवस जगला.
अकरा दिवसांच्या बाळाचा चेहरा म्हणजे एक मूठ.
बाबांनी मूठच काढली,
लेसमधून बाहेर आलेली.

पुढच्या वर्षी, त्याच तारखेला, डचेसचा निरोप:
आता तो वर्षाचा झाला असेल.
असेल.
या एका शब्दावर
आमची चूल तेरा वर्षं पेटली.

मी त्याच्याहून दोन महिन्यांनी मोठी.
आई म्हणाली, वाल्पुर्गाला उभी करा,
पोर घरचीच आहे, पैसे मागणार नाही.

दर हिवाळ्यात शिंपी कोट आणायचा,
निळ्या मखमलीचा, वाढत्या अंगाचा,
दुमड आत सोडलेली,
जणू एगोन तो घालून झाडांवर चढणार होता.
मी त्यात शिरायचे.
हात कमरेवर, हनुवटी वर.
शेजारी शिकारखान्यातला कुत्रा,
त्याचं सगळं लक्ष माझ्या खिशातल्या सॉसेजवर.
चित्रात ती स्वामीनिष्ठा दिसते.

बाबा काळोखापासून सुरुवात करायचे.
आधी सगळा कॅनव्हास मातकट, रात्रीसारखा,
मग त्यातून एक गाल, एक बटण,
दोरी ओढत ओढत वर.
आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही म्हणतात.
बाबांच्या पोहऱ्यात दरवर्षी
एक राजपुत्र यायचा, निथळता.

सातव्या वर्षी माझे पुढचे दोन दात पडले.
बाबा तोंड मिटून काढणार होते,
पण डचेस स्वतः आली, वाकली,
माझी हनुवटी धरून बघत राहिली.
कधी पडले?
मंगळवारी, मी म्हटलं.
तिने ते लिहून घेतलं.

तेराव्या वर्षी कोट छातीवर मिटेना.
शिंपी जमिनीकडे बघायला लागला.
बाबांनी कुंचला तेलात ठेवला आणि
बराच वेळ काढलाच नाही.

त्या साली त्यांनी नुसती खुर्ची रंगवली.
खुर्चीवर कोट,
एक बाही उलटी,
घाईत अंगातून ओढून काढल्यासारखी.
मागे दार अर्धं उघडं, बाहेर बर्फ,
बर्फावर पावलं नाहीत.
डचेसने पैसे त्याच दिवशी दिले, रोख, पूर्ण.
असं आधी कधी झालं नव्हतं.
पुन्हा निरोप आला नाही.

बाबांना जाऊन आता एकवीस वर्षं झाली.
त्यांचे चारशे टालर अजून येणं आहे,
ते कोणाकडे मागायचे, कळत नाही.
मी शरदात किल्ल्यावर अंडी पोचवायला जाते.
कारभारीण पाहुण्यांना दालन दाखवत असते:
हे बालराजे एगोन, काय तब्येत बघा.
मी टोपली धरून मागे उभी राहते.

चार वर्षांची असताना कोंबड्याने
माझ्या हनुवटीवर चोच मारली होती.
तो व्रण नऊ चित्रांत आहे,
डावीकडे, मसुराएवढा, गुलाबी.
ड्यूकचा सगळा चेहरा लिंपून काढणाऱ्या माणसाला
तो दिसला नसेल असं नाही.

कारभारीण विचारते, आज किती?
तीन डझन, मी म्हणते.
एक वाटेत फुटलं.