सोमवारचा कंट्रोल

मेडिकलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत
पहिल्याच आठवड्यात मी स्वतःचं रक्त काढलं.
काचपट्टी, एक थेंब, त्यावर मेटाबायसल्फाइट,
आणि कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशनं बंद.
(अनुदान अजून यायचं होतं.
नेलपॉलिश धाकट्या बहिणीचं, गुलाबी.)
तासाभरानं भिंगाखाली पाहिलं
तर गोल टिकल्यांच्या गर्दीतून
निघाले होते विळे.
बारीक, टोकदार,
माझेच.

म्हणजे मी कंट्रोल होऊ शकत नव्हते.
तुलनेला निरोगी माणूस लागतो.
मोरीपाशी नळ्या धुणाऱ्या वाघाड्यांनी
ओल्या हातानंच बाही वर सारली:
"माझं घ्या ना जी. रगतच त होय."

तेव्हापासून दर सोमवारी
रजिस्टरात पहिली ओळ तीच:
कंट्रोल. वाघाडे. सामान्य.
तिच्याखाली गावं येत राहिली,
कुही, भिवापूर, पाचपावली, देवलापार,
नावांच्या जागी आकडे.
पट्टीवर एक लाल रेघ पुढे धावलेली, एक मागे रेंगाळलेली.
दोन्ही असल्या तर माझ्यासारखे.
मागचीच तेवढी असली
तर बाहेर बाकावर पदराला गाठी मारत बसलेल्या आईला
काय सांगायचं,
याचा सराव एकतीस वर्षांत पुरा झाला नाही.

मे महिन्यात वीज जायची.
वाघाडे सायकलवर चौकातल्या रसवंतीतून
गोणपाटात बर्फ आणायचे.
माझ्या पहिल्या दोन शोधनिबंधांतले सगळे नमुने
त्या बर्फावर तगले.
आभार मानायला तिथे जागा नव्हती.

माझा विषय साधा होता:
ज्यांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं
त्यांचं शरीर परक्या रक्ताची अढी धरतं.
माणूस उपकार विसरतो.
पेशी प्रत्येक पिशवी लक्षात ठेवतात.

सुगंता उईके, वय सोळा, तेवीस पिशव्या.
चोविसावी तिला चालेना.
जिच्यात टाकावं त्या नळीत गुठळी,
पेढीतल्या सगळ्या पिशव्या, तिची आई, तिचा भाऊ,
हैदराबादहून विमानानं मागवलेल्या दोन,
गुठळी, गुठळी,
हाताखाली फाटत गेलेल्या दुधासारखी.
हिमोग्लोबिन तीनवर आलं.
तिसऱ्या रात्री उजाडता उजाडता
सोमवार लागलाच होता म्हणून,
निव्वळ सवयीनं
मी वाघाड्यांची नळीही रांगेत ठेवली.

तिच्यात काहीच झालं नाही.

हलवली. तळाचा लाल कण
धुरासारखा मोकळा उठला.
नवं सीरम घेतलं, नवी नळी घेतली, शेजारच्या वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला उठवून दाखवलं.
काहीच होत नव्हतं.
उभ्या आयुष्यात काहीच न घडण्याची
इतकी भीती मला वाटली नव्हती.

चोवीस वर्षं ज्यांच्यापुढे मी
'सामान्य' लिहीत आले
ते लाखात एक निघाले.

"मंग आधी नाई सांगाचं?" वाघाडे म्हणाले,
जसं मीच लपवून ठेवलं होतं.
खाली जाऊन तर्री-पोहे खाऊन आले,
खुर्चीत बसले, मूठ उघडली, मिटली, उघडली.
दंडावर कापूस दाबत म्हणाले,
"येत्या सोमवारी मात्र दुसरा पाहा जी. थकलो."

निबंधात ते 'दाता क्रमांक एक' आहेत.
परीक्षकानं विचारलं होतं,
तुमच्या कंट्रोलच्या 'सामान्य'चा निकष काय?
दोन महिने मी उत्तर दिलं नाही.
मग दिलं. छापून आलं.
पण ते उत्तर मला अजून पटलेलं नाही.

आज फ्रीजर रिकामा केला.
वाघाडे गेल्यालाही चार वर्षं होत आली.
त्यांच्या सात शीश्या निघाल्या, चिठ्ठ्यांवरची शाई पसरलेली.
नव्या मुलीनं विचारलं, मॅडम, या टाकायच्या?
मी म्हटलं, थांब.
पुढे काय सांगावं ते सुचेना.

इतक्यात सुगंताचा मेसेज.
कळमेश्वरचं स्थळ आलंय,
मुलाच्या तपासणीच्या कार्डाचा फोटो पाठवलाय,
पाहून सांगा म्हणते.
फोटोत कुणाचा तरी अंगठा आलाय,
नेमका निकालावर.

लिहिलं,
अंगठा काढ
आणि पुन्हा पाठव.