तीन सेकंद

मे महिन्यात रात्री दीड वाजता
मानेवाड्यात फक्त कूलर जागे असतात
आणि ज्याचा सर्व्हर पडलाय असा एखादा मी.
ताट्यांचा ओला वास,
लॅपटॉपखाली स्टीलची ताटली उपडी घातलेली, तो तापू नये म्हणून,
आणि पडद्यावर काळ्यात हिरवं.

टीममधली पोरं हसतात या रंगाला.
त्यांचा एडिटर शब्द अर्धा असतानाच पुरा करतो,
चुकलं की खाली लाल नागमोडी रेघ,
जशी पुण्याची मृण्मयी कॉलवर मला थांबवते :
'पानी नाही रे, पाणी.'
हो बाप्पा, पाणी.
एका अक्षरावर कंपायलर अडतो, ते मला मान्य आहे.
तहान मात्र कधी अडली नाही.

मला हे जुनंच अवजार बरं वाटतं.
ते माझ्याबद्दल कसलाही अंदाज बांधत नाही.
सांगितलं तेवढंच ऐकतं,
आणि एका चुकीच्या बटणासरशी पानभर काम पुसून
निमूट बसून राहतं.

शालिक हेडाऊंनी शिकवलं. पाचपावलीचे.
घरात चार पिढ्या मागावर, कीबोर्डवर हे पहिले.
पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच दाखवलं
की यातून बाहेर कसं पडायचं.
'आत जाणं कोनालेही जमते.'
मॅन्युअल वाच म्हणून ओरडायचे,
मग स्वतःच शेजारी बसून अर्धं वाचून दाखवायचे.
कोड लपवणाऱ्याला ते म्हणत,
दार लावून पोहे खाणारा.
मोजणी शून्यापासून का, असं एका नव्या पोरीनं विचारलं
तर तिला स्कूटरवर बसवून झिरो माइलला नेलं,
दगड दाखवला, तर्री पोहे खाऊ घातले, परत आणलं.
उत्तर दिलंच नाही.

तर आज रात्री बिलिंग तुंबलंय.
मी उतरत जातो,
नव्या फ्रेमवर्कखाली जुनं फ्रेमवर्क,
त्याखाली पर्ल, जी आता कोणी बायोडाटात लिहीत नाही,
आणि तळाशी एक ओळ : प्रत्येक बिलाआधी तीन सेकंद थांब.
तिच्या डोक्यावर, रोमन अक्षरांत, टिप्पणी :
याले हात नोका लावू.
काऊन, ते मले बी सांगता येत नाई.
हे कोणाचं, असं गिटला विचारलं.
शालिक, एप्रिल, दोन हजार सात.

हेडाऊ आता गोधनीला पिठाची गिरणी चालवतात,
नऊला झोपतात. तरी फोन उचलला.
मी ओळ वाचून दाखवली.
बराच वेळ फक्त त्यांचा कूलर ऐकू आला,
मग हसू.
'अबे, तेव्हा लाइट जाये ना.
कम्प्युटर बॅटरीवर, प्रिंटर नाई.
जनरेटर पकडाले तीन सेकंद लागे.
तेवढ्यात बिल निंघालं का अर्धंच छापे,
अन् गिऱ्हाईक बोंबलत ये.'
मग सांगता येत नाही, असं का लिहिलं?
'साहेब मांगून वाचत होता ना.
मोठ्या बॅटरीचे पैसे त्यानंच खाल्ले होते.'

ते ऑफिस गेलं, प्रिंटर भंगारात गेला,
बिलं आता मोबाइलवर पडतात,
आणि इतकी वर्षं एकेक बिल
दारात थांबून वाट पाहतंय
जनरेटरची, जो कधीच विकला गेला.

मी ओळ काढली.
रांग धडाधड सुटली.
टिप्पणी तशीच ठेवली, बोटच गेलं नाही तिच्यावर.
सकाळी मृण्मयी विचारेल :
याले म्हणजे कशाला? इथे तर काहीच नाहीये.
बघू काय सांगायचं ते.

'झालं?' फोन चालूच होता.
झालं.
'मंग सेव्ह कर अन् निंघ बाहेर,' हेडाऊ म्हणाले.
'मले पाचले गिरणी लावा लागते.'