पाहा

वाळिंबे म्हणाले होते, साधी यादी आहे हो,
प्रवासी विमानांची, मॉडेलवार.
दोन शनिवारांत उरकेल.
आजचा सातवा.

टिंगरेनगर, सायकलच्या दुकानावरची खोली,
क्लबचा पंखा, क्लबची एक खुर्ची,
आणि शिरगोपीकरांच्या घरून आलेली बुटांची खोकी
कार्डांनी गच्च.
पंचवीस वर्षं गच्चीवरून आकाश बघितलं माणसानं
आणि एकदाही अनुक्रमणिका केली नाही.

पहिलं भांडण ॲव्हरोवरून.
हा ॲ बसवायचा कुठे?
अ च्या मांडीवर, की ए ला खेटून?
तक्ता एक सांगतो, कोश दुसरं,
वाळिंबे तिसरंच.
तोवर इल्यूशिन आपलं ऐटीत
एअरबसच्या पुढे जाऊन उभं.
आपल्या वर्णमालेत इ आधी येते,
त्याला कोण काय करणार.

मग आकडे.
तीनशे वीस आधी जन्मलं, मग एकवीस,
मग एकोणीस, आणि अठरा हे शेंडेफळ.
आकड्यानं लावावं तर वय उलटं होतं,
वयानं लावावं तर शोधणारा हरवतो.
तनिषनं लॅपटॉपवर एक कळ दाबली:
“झालं, मावशी.”
झालं खरं.
सातशे सात, सातशे सतरा, सातशे सत्तावीस,
शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी.

मी म्हटलं, सतरा काढ बाहेर.
ते बोईंगकडे जन्मलेलंच नाही.
ते डग्लसच्या घरचं, नाइनच्या वंशातलं,
शेपटीला इंजिनं, तोच नाकाचा उतार.
दोन कंपन्या एक झाल्या
आणि कुणीतरी रिकाम्या आकड्यावर त्याला बसवलं.
“मग लावायचं कुठे?”

तनिष अठराचा.
त्याला काय सांगू, तांदळाचं ताट असतं,
सोन्याची अंगठी असते,
भोवती सगळे वाकून बघत असतात
आणि चारुशीला टिळेकर
पाच अक्षरांत, म्हणजे त्या वेळी मी मोजली होती,
अस्मिता खळदकर... नाही, सात होतात.
तीनच मोजली असणार. पुढचं दिसलं नाही.
उखाणा मात्र पाठ होता.

पदवी एका नावाची, पासबुक दुसऱ्या.
गेल्या महिन्यात बँकेतली मुलगी
दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाली,
“या दोघी तुम्हीच का?”
वाईट काही नव्हतं तिच्या मनात.
शंभराच्या कागदावर लिहून दिलं, हो.

वाचनालयात आम्ही याला ‘पाहा’चं कार्ड म्हणायचो.
जुन्या नावाखाली फक्त एक ओळ:
अमुक पाहा.
पुस्तक मात्र नव्या नावाखालीच मिळायचं.
चोवीस वर्षं मी ती कार्डं लिहिली,
सुवाच्य अक्षरात, कधी अडले नाही.

डॅश एटचं कार्ड सापडलं तेव्हा चार वाजले होते.
डी हॅव्हिलंड कॅनडा. त्यावर काट मारून बाँबार्डिए.
त्यावर काट, आणि वर, शिरगोपीकरांच्या थरथरत्या अक्षरात
पुन्हा पहिलंच नाव.
शेजारी हिरव्या शाईत: परत.
एवढंच.
ते कार्ड मी जरा जास्त वेळ हातात धरलं.
खालून सायकलवाल्यानं ट्यूब पाण्यात बुडवल्याचा आवाज आला.

मग दोन कार्डं लिहिली.
डग्लसखाली: सातशे सतरा पाहा.
बोईंगखाली: डग्लस पाहा.
ग्रंथपालनात ही चूक धरतात,
वाचक गोल फिरत राहतो.
परीक्षेत माझे दोन गुण गेले होते याच्यावर.
लोहगावच्या बाजूनं एक उठलं, काचा वाजल्या.
तनिष खिडकीशी धावला, मी कानांनीच सांगितलं:
वीस. निओ.
वाळिंबे जिन्यात. “झाली का यादी?”
म्हटलं, अजून एक शनिवार लागेल.