मटार, रात्री साडेनऊ

गंगाखेडची शेवटची फेरी संपवून,
डेपोत पैशांचा भरणा करून मी निघते
तेव्हा मंडईत उरलेल्या असतात
कोथिंबिरीच्या काड्या, आणि त्यांच्याभोवती दोन गाई.
मग मी इलियासच्या दुकानात
त्या लांबट पेटीची काच सरकवते.
आत जानेवारी असतो.
बाहेर परभणी, मे महिना,
भिंतीला पाठ टेकवू नये अशी रात्र.

अर्धा किलोची पिशवी हलवली की
माझ्या चामडी बॅगेतल्या चिल्लरसारखी वाजते.
सोलायचं नाही, निवडायचं नाही, अळी बघायची नाही.
वीस मिनिटांत उसळ. पोरगा ताट घेऊन बसलेलाच असतो.
लहानपणी आम्ही शेंगा सोलायला बसायचो
आणि निम्मे दाणे पोटात जायचे.
ते निम्मे दाणे आता कोण खातं, माहीत नाही.

माझ्या आईकडे फ्रीज नव्हता. ऊन होतं.
पत्र्यावर जुनं लुगडं पसरून
ती गवार वाळवायची, वांग्याच्या फोडी, मेथी,
चारी कोपऱ्यांवर चार दगड.
भाजीतलं पाणी ती काढून घ्यायची;
ही पेटी ते जागच्या जागी उभं करते.
दोघींचं भांडण एकाच गोष्टीशी.
श्रावणात ती गवार भिजत पडायची
आणि शिजल्यावर तिला पत्र्याचा वास यायचा.
मला ती भाजी कधीच आवडली नाही.
आज सांगायला हरकत नाही.

इलियासचे अब्बा बर्फ विकायचे.
सायकलच्या कॅरिअरला लादी, वर भुसा, वर गोणपाट,
हातात टोचा.
कारखान्यातून निघताना लादी एवढी असायची,
गल्लीत पोचताना एवढी,
इलियास दोन्ही हातांनी दाखवतो
आणि दरवेळी दुसरं माप थोडं लहान करतो.
लग्नघरी सरबताला जायचा तो बर्फ, तापाच्या कपाळावर जायचा,
आणि कधी अशा घरी
जिथे पोरगा पुण्याहून निघालाय
आणि त्याच्यासाठी कुणीतरी थांबवून ठेवलंय.
तिथले पैसे अब्बा मोजून घेत नसत.

गेल्या मेमध्ये आमच्या गल्लीची डीपी जळाली.
लाइनमन वर बघून म्हणाला, आता सकाळीच.
इलियासनं घरातल्या सगळ्या गोधड्या आणून
पेटीवर घातल्या.
आम्ही घामानं निथळत उभे,
आणि ती पेटी हिव भरल्यासारखी पांघरूण घेऊन.
अकरा वाजता त्यानं आत हात घातला,
बाहेर काढला, पँटला पुसला.
"ले जाव ताई, सुबू तक सब पानी होजाता."

मग गल्लीनं कढया बाहेर काढल्या.
रॉकेलचा एक स्टोव्ह निघाला, कुणाच्या माळ्यावरून.
मोबाइलच्या उजेडात मलबारी पराठे, कॉर्नचे कटलेट,
पोरांना तर दिवाळीच.
असलं शिळं आमच्याकडे चालत नाही म्हणणारे
शिरवळे मास्तर
नववा कटलेट अंधारात खात होते;
आवाजावरून कळलं.
मी अकरा पिशव्या एका पातेल्यात ओतल्या.
"कामून एवढं?" शेजारच्या द्वारकाबाई.
म्हटलं, आज तिकीट नाही, बसा सगळे.

कुणी पैसे दिले, कुणी दुसऱ्या दिवशी दिले,
कुणी अजून द्यायचेत.
इलियासनं वही केली नाही.
अब्बांचाच पोरगा.

एक पिशवी मात्र माझ्याकडे राहिली,
पहाटे लाइट आली तशी मी ती फ्रीजरमध्ये ढकलली.
चार दिवसांनी काढली तर
दाणे सुटे नाहीत, सगळा एकच गोळा,
एकमेकांना धरून बसलेला.
उंबऱ्यावर आपटला. पुन्हा आपटला.
सुटेना.
तसाच टाकला फोडणीत.