अकरा सोमोनी

इस्फाऱ्यात आपल्या 'आ'चा ओठ गोल करून 'ओ' होतो.
बाजाराचा बोझोर,
हिशेबाचा हिसोब, फायद्याचा फोयदा.
कर्ज तेवढे
कुठल्याही तोंडात कर्जच राहते.

मुकर्रमा मुअल्लिमा पहिल्या तासाला फळ्याकडे वळतच नाही.
टेबलावर जर्दाळूंची बादली ठेवते.
हे काय?
जर्दाळू, म्हणतात पोरे.
चूक. हे भांडवल आहे.
खाल्ले, तर जर्दाळू.

बारा किलो छपरावर वाळले की तीन किलो उरतात.
मग नऊ गेले कुठे, नोझानिन?
उन्हाने नेले.
लिही, घट.
ऊन पावती देत नाही, तरी लिही.

दिलोवरला घसारा कळेना.
तिने पायातला बूट काढला, झिजलेली टाच समोर धरली.
घर ते शाळा, शाळा ते घर.
पैसे कुणी मागत नाही,
तरी जातात.

आणि सितोरा, तू इथे बसलीस
म्हणून घरचा गालिचा धुवायचा राहिला ना?
तो मळका गालिचा
ही या तासाची किंमत.
सितोरा हसली नाही. गालिचा खरोखरच राहिला होता.
विनिमय दर मात्र तिला शिकवावा लागला नाही:
बाप येकातेरिनबर्गला विटा रचतो,
रूबल पडला
की त्या महिन्यात कढईत तेल कमी पडते.

मग रस्त्याकडेला वर्गाचे दुकान लागले.
एक उसना तराजू, चार पेट्या,
बियांसकट वाळवलेला माल.
गंधकाची धुरी दिलेले सोनेरी, न दिलेले काळपट.
काळपटच गोड, पण गाड्या थांबत त्या सोनेरीपाशी.
मुअल्लिमा म्हणाली, चव ही गिऱ्हाइकाला
घरी गेल्यावर कळते. मागणी रस्त्यावरच ठरते.

महिनाअखेरीस ताळा जुळेना.
अकरा सोमोनींचा फरक.
नावेची बाजू तीनदा, जमेची चारदा बेरजून झाली,
पेटीखालचा कागदसुद्धा उचलून पाहिला.
दिवे लागायच्या वेळी बहरोम उठला.
एका पोराला दिले, म्हणाला. पुड्यात बांधून.
पैसे नव्हते त्याच्याकडे.

म्हणजे उधार? येणे लिहू?
नाही.
मग बुडीत?
बुडीत कसे? बुडाले नाहीत. दिले.

मुअल्लिमाने वही पुढून मागे, मागून पुढे चाळली.
'दिले' असा रकाना
एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिने आखला नव्हता.
शेवटी चष्मा पुसत म्हणाली,
लिही, जाहिरात खर्च.
ताळा जुळला. वर्ग घरी गेला.
बहरोम तेवढा मागे रेंगाळला,
आपण खोटे लिहिले की खरे
हे त्याला विचारायचे होते, विचारले नाही.

खुजंदहून आलेल्या परीक्षकाने
त्या ओळीखाली लाल रेघ मारली:
पावती जोडलेली नाही. दोन गुण वजा.

त्यानंतरच्या गुरुवारी ते पोर पेट्यांपाशी येऊन उभे राहिले.
खिशातून रुमालाची गाठ काढली, गाठीत बिया,
चोखून स्वच्छ केलेल्या, धुतलेल्या, कोरड्या.
आमच्याकडे फोडायला हातोडी नाही, म्हणाले,
तुम्ही विकता ना या, भाजून?
आणि उत्तराची वाट न पाहता पळाले.

दिलोवरने वजन केले. नव्वद ग्रॅम.
वसुली, म्हणाली नोझानिन.
कच्चा माल, म्हणाली सितोरा.
बहरोम काही बोलला नाही, त्याने मुअल्लिमाकडे पाहिले.
मुअल्लिमाने नवे पान काढले,
तारीख घातली,
मधोमध उभी रेघ ओढली,
आणि पेन हातात धरून
बराच वेळ
कुठल्या बाजूने सुरुवात करावी ते पाहत राहिली.