सारखे शब्द

एकवीस दिवसांनी वेंगुर्ल्याला उतरले.
बस्त्याव स्टँडवर, मोटारसायकल चालूच ठेवून.
"काय खाल्लंस गो थंय?"
अंडं, म्हटलं.
तो हसला. अंडं खायला समुद्रापलीकडे!

इगर्जीच्या फळ्यावर आधीच चिकटवलंय:
रविवारी मिस्सेनंतर एलिझा टीचर बोलतील.
मोझांबिकमधली सेवा, फोटोंसह.
नंतर चहा, केळ्याची भजी.

फोटो आहेत. दोनशे बारा.
त्यांत मीच जास्त.
मांडीवर कुणाचं तरी मूल,
माझा चेहरा दयेने ओला, नीट उजेडात.
मुलाचं नाव विचारायचं राहिलं.

तिचं नाव मात्र ठाऊक आहे, लुर्देस.
आमच्या वाडीतच तिघी आहेत त्या नावाच्या.
वादळाने छप्पर नेलेलं, वर निळं प्लास्टिक,
वारा आला की घर श्वास घ्यायचं.
भाषा नव्हती आम्हांला एकमेकींची.
सहज म्हटलं, पाव. तिला कळलं.
ती म्हणाली, चावी. मला कळलं!
साबण. मेज. पगार.
लहान मुली गजगे खेळतात तशा
एकेक शब्द उडवत, झेलत,
दोन म्हाताऱ्या हसत बसलो.

मग माझं लक्ष गेलं.
मेज नव्हतं. साबण नव्हता.
चावी लावावी असं दारच नव्हतं.
पगार म्हणताना तिने तळहातावर फुंकर मारली होती,
ते मी खेळातलंच समजले होते.
काजू, ती म्हणाली शेवटी, आणि बोट दाखवलं.
तेवढा एकच शब्द अंगणात खरोखर उभा होता,
लाल बोंडं घेऊन,
आमच्या मागच्या परड्यातल्यासारखा.

बिस्किटांचे पुडे दिले मी तिला, बारा.
यादीत नाव लिहून, अंगठा घेऊन.
तिने कोंबडीखाली हात घातला,
अंडं उकडलं, सोललं,
मीठ लावून दोन्ही हातांनी पुढे केलं.
यादी नव्हती तिच्याकडे.
चार पोरं भिंतीला टेकून उभी.
मी चावले की त्यांचे गळे हलायचे.

नको म्हणायला हवं होतं का?
पाद्री रुझार म्हणतात, नाही, टीचर, तो तिचा मान होता.
असेल.
मी खाल्लं, सगळं. अजून उतरलेलं नाही.

सव्वीस वर्षं रविवारच्या वर्गात शिकवतेय
त्या विधवेच्या दोन दमड्या.
खडूने दोन गोल काढते, पोरं रंगवतात.
तिने काय दिलं ते सांगते,
श्रीमंतांनी काय ठेवून घेतलं तेही.
पेटीचं कधी मनात आलं नाही.
दमड्या पडल्या तेव्हा
पेटीला आतून काय वाटलं असेल?

शनिवारी संध्याकाळी बंदरावर गेले,
बस्त्यावच्या होडीकडे, उगाच.
होडीवरचा नेपाळी खलाशी वाळूत तीन दगड मांडून
भात शिजवत होता.
तीन हंगाम आमच्या जाळ्यांच्या खोपीत झोपतो.
नाताळात त्याला नेवऱ्या पाठवते मी,
पोराच्या हाती, वर्तमानपत्रात बांधून.
"तुझं नाव काय रे?"
"कांछा."
ते नव्हे, खरं. घरचं.
तो उठला. हात पँटला पुसले.
ताठ उभा राहून म्हणाला, "डिलबहादुर पुन."
आणि मग, हळूच,
"टीचर, कुछ चोरी हुआ क्या?"

लाटा खडपावर आपटत होत्या.
इगर्जीत तेर्साची घंटा झाली.
मला होय म्हणायचं होतं की नाही, कोण जाणे.
मागे भात करपायला लागलेला, वास येत होता,
आणि मी उत्तर देईपर्यंत
तो काही हलणार नव्हता.

भात उतरव आधी,
एवढंच सुचलं.