पावणेचार तास

साडेसहा किलोचा टर्की तीन दिवस
फ्रिजमध्ये विरघळत पडला होता.
त्याच्यासाठी खालचा कप्पा काढला,
मेथी बाल्कनीत गेली. डिसेंबर आहे, टिकते.

आमच्याकडे कोंबडी मेल्यावर अख्खी
कधी कुणी पाहिली नाही.
अंगणात होती, मग एकदम रश्श्यात.
मधलं सगळं विहिरीमागे दत्तूकाका उरकायचे.
आणि आता हा, ओट्यावर,
मान नसलेला पाहुणा.

ओजसची एकच अट: आधी कापायचा नाही.
त्याच्या वर्गातल्या कुणाकडे तसा ठेवतात, टेबलाच्या मधोमध.

मी कातडीखाली हात घातला,
थंड स्वेटरच्या बाहीत घालावा तसा,
लोणी चोळलं, त्यात कांदा-लसूण मसाला,
साताऱ्याचा, मे महिन्यातला.
पाय बांधायला दोरा नव्हता.
गजऱ्याचा सोडवला. फुलं वाटीत ठेवली.

सात वाजता ओव्हन. पावणेचार तास.
किल्ली समोरच्या मेरिसेलकडे, ती रात्रपाळी करून आलेली,
दर अर्ध्या तासानं चमचाभर रस वरून घाल, म्हटलं,
आणि आम्ही तिघं डोंगराकडे.

रास अल खैमाच्या डोंगराला अंगावर काही नाही.
करवंद नाही, कारवी नाही,
लाज वाटेल इतका उघडा.
हेरंब टाइल्सच्या कारखान्यात, त्याला हा सगळा कच्चा माल.
दगड उचलतो, चाटतो, टाकतो.
सावलीत स्वेटर, उन्हात बाह्या वर,
आणि घसरणारी खडी, जिच्यावर
प्रत्येक पाऊल दोनदा टाकावं लागतं.

पहिल्या खिंडीत रेंज आली. दोन फोटो.
पहिल्यात गोरा.
दुसऱ्यात गव्हाळ.
मग रेंज गेली, आणि स्थळाचं पुढं काय झालं
ते कळेना.

वर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, कोरडी,
एक बोराचं झाड. इथे सिद्र म्हणतात.
म्हणोत. फळं हिरवी होती, तरी खाल्ली,
जीभ तुरट झाली, बरं वाटलं.

शेळ्यांमागून एक आजोबा आले, बू राशिद.
त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा बरं.
घरी काय शिजतंय, विचारलं. हेरंबनं हातांनी आकार दाखवला.
ते हसले. आम्ही बकरा खड्ड्यात पुरायचो, म्हणाले,
निखारे, वर माती, आणि दिवसभर शेतात.
मग राखायचं कोण?
कुणी नाही. फक्त कुत्रा बांधून ठेवायचो.

त्यांनी एक दगडी घर दाखवलं, अर्धं जमिनीत,
वाकून, जवळजवळ रांगत जायचं.
आत रांजण. दारापेक्षा रुंद.
ओजसनं दार मापलं, रांजण मापला, पुन्हा दार.
आत कसा आणला?
आणला नाही. आधी रांजण ठेवले,
मग भोवती घर बांधलं.

मी तिथे जरा जास्तच वेळ बसले.
चौदा वर्षं
आम्ही दारातून बाहेर निघेल एवढंच घेत आलो.
कपाट घेताना हेरंब विचारतो, सुटं होतं ना?
वर्षातून एकदा वजनकाट्यावर आमचा संसार:
तीस किलो, आणि सात हातात.

उतरताना गुडघे बोलायला लागले.
अकरा वाजून गेले होते.

लिफ्टमध्येच वास आला.
मेरिसेल सोफ्यावर झोपलेली, हातात चमचा,
ओव्हन तिनं वेळेवर बंद केलेला.
किल्ली परत द्यायला लागली. असू दे, म्हटलं.

टेबलाच्या मधोमध तो बसला, तांबूस, अख्खा,
आणि आम्ही चौघं त्याच्याकडे बघत उभे.
कुठून सुरू करायचं
कुणालाच माहीत नव्हतं.
ओजस म्हणाला, आई, तूच.

छातीचं मांस कोरडं झालं होतं, खोटं कशाला सांगू.
मसाला मात्र हाडापर्यंत गेला होता.

रविवारी हाडं मोठ्या पातेल्यात टाकली,
खोबरं भाजलं, कांदा भाजला,
तर्री वर आली.
तेव्हा कुठे ओळख पटली.